वाचक विचारतात : हप्ता कर्जदाराचा, विमा सावकाराचा

प्रश्न : माझ्या भाचीला अमेरिकेत मिलवॉकीच्या एका मॉर्गेज इन्शुरन्स कंपनीत अंडररायटरची नोकरी मिळते आहे. ती म्हणते, दिवसभर कागद वाचायचे. घराच्या विम्यात वाचण्यासारखं असतं तरी काय? आणि नोकरी टिकेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आग-पुराचा विमा आधी डोक्यातून काढा; हा गृहकर्जाचा विमा. अंडररायटर म्हणजे कागद तपासून कर्जाला विमा द्यायचा की नाही हे ठरवणारा. मी नॉर्थ कॅरोलायनात हेच काम केलं, आता पुण्यात निवृत्त आहे. तिथे घराच्या किमतीच्या २० टक्क्यांहून कमी पैसे स्वतःचे घातले, तर फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या, सावकारांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांकडे जाणाऱ्या कर्जाला सहसा हा विमा लागतो. हप्ता कर्जदार भरतो आणि कर्ज बुडालं तर भरपाई मिळते सावकाराला! मला हे शेवटपर्यंत खटकत राहिलं. पण हा विमा नसता तर ५ टक्केच रोख जमवलेल्या नर्सबाईला सावकाराने दारात उभं केलं नसतं, हेही खरं.

भाचीला जागा मात्र धंद्याच्या माहेरातच मिळते आहे. महामंदीत जुन्या कंपन्या बुडाल्यावर मॅक्स कार्ल या वकिलाने १९५७ मध्ये मिलवॉकीतच एमजीआयसी ही गृहकर्ज-विम्याची कंपनी काढून हा व्यवसाय पुन्हा उभा केला.

कागद म्हणजे पगाराच्या पावत्या, कराचे फॉर्म, बँकेची स्टेटमेंटं, घराचं मूल्यांकन. माणूस कधी दिसत नाही, तरी घटस्फोट, ओव्हरटाइम, नव्या गाडीचा हप्ता, सगळं कळतं. खात्यात अचानक मोठी रक्कम आली की विचारायचं, कुठून आली? आपल्या मुलांच्या फायलींत ती बहुतेक वेळा वडिलांनी भारतातून पाठवलेली असे. मग ‘ही भेट आहे, परत करायची नाही’ असं वडिलांच्या सहीचं पत्र लागतं. बापाकडून असं काय लिहून घ्यायचं, म्हणून मुलं संकोचायची. पण हातउसने असतील तर ते कर्जात धरावे लागतात. मला असल्या फायली आवडायच्या. नुसता क्रेडिट स्कोअर बघून शिक्का मारणाऱ्याला या कामात मजा नाही.

टिकण्याचं म्हणाल, तर सगळं व्याजदरावर. २०२०-२१ मध्ये दर इतके उतरले की लोक जुनी कर्जं फेडून नवी घ्यायला धावले. आम्ही शनिवारीही कामावर. २०२२ च्या ऑक्टोबरात तीस वर्षांच्या कर्जाचा दर ७ टक्क्यांवर गेला, फायली आटल्या, ओळखीची माणसं घरी बसली. २००८ पासूनच्या मंदीत तर कंपन्याच गेल्या : ट्रायडने नवा विमा देणं थांबवलं, पीएमआय २०११ मध्ये सरकारी देखरेखीखाली गेली.

म्हणून भाचीला सांगा, मुलाखतीत पगाराआधी हे विचार : काम ओसरलं की अंडररायटरना दाव्यांच्या किंवा गुणवत्ता तपासणीच्या विभागात घेता का? बुडीत कर्जांच्या दाव्यांचं काम मंदीतच वाढतं.