केशरी बोका डांबरट, पांढरी मनी नाजूक?

प्रश्न: आमच्याकडे दीड वर्षाचा केशरी बोका आहे, रोज रात्री कुठेतरी मारामारी करून येतो. आणि एक निळ्या डोळ्यांची पांढरीशुभ्र मनी, ती दिवसभर गच्चीत ऊन खात पडलेली. शेजारच्या काकू म्हणतात केशरी बोके डांबरटच असतात आणि पांढरी मांजरं आजारी पडतात. आता त्याच काकू त्यांच्याकडचं तीन रंगांचं पिल्लू देतायत. रंगाचं खरं असतं का हो काही?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: काकू मनीच्या बाबतीत बऱ्यापैकी बरोबर आहेत, बोक्यावर मात्र अन्याय करतायत. केशरी रंगाचं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं, बोक्याला एकच कॉपी पुरते, भाटीला दोन लागतात, त्यामुळे केशरी मांजरांत साधारण ८० टक्के बोकेच निघतात आणि मग बोकेपणाचं सगळं बिल रंगावर फाटतं. नसबंदीचं ऑपरेशन न केलेला बोका काळा असो की पांढरा, भांडणारच, आणि चाव्यातून एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, पसरतो. ऑपरेशन उरकून टाका. पुढेमागे त्याच्या ओठांवर, नाकावर काळे ठिपके आले तर घाबरू नका, केशरी मांजरांत ते दिसतात आणि सहसा निरुपद्रवी असतात.

खरी काळजी मनीची. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत निम्म्याहून जास्त बहिरी असतात, कारण रंग बनवणाऱ्या पेशी आतल्या कानालाही लागतात आणि त्या तिथे पोचलेल्याच नसतात. ती झोपलेली असताना मागून हलकेच ताटली वाजवून बघा, जमिनीवर आपटू नका, हादरा तिला कळतो. ऐकू येत नसेल तर रस्त्यावर अजिबात सोडायची नाही.

आणि ते गच्चीतलं ऊन! नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्ची बंद. पांढऱ्या मांजरांना कानाच्या टोकांवर आणि नाकावर उन्हाने स्किन कॅन्सर होतो. सुरुवातीला कानाची कड लालसर होते, मग छोटी खपली धरते, पडते, परत धरते, आणि घरातले हळद लावत बसतात. भरत नसलेली खपली लगेच डॉक्टरांना दाखवा. आपलं सनस्क्रीन मात्र लावू नका, ती चाटणार आणि त्यातलं झिंक पोटात जाणार.

तिरंगी पिल्लू खुशाल घ्या. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिस विद्यापीठाच्या सर्व्हेत मालकांनी अशी मांजरं जरा तापट असल्याचं सांगितलं होतं, पण फरक थोडासाच, आणि तो मालकांच्या तोंडचा. पिल्लू पहिल्या सात-आठ आठवड्यांत माणसांच्या हाताला किती सरावलं ते काकूंना विचारा, त्यावर जास्त ठरतं. तीन रंगांची म्हणजे जवळपास नक्की भाटीच, तेव्हा तुमच्या बोक्याचं ऑपरेशन ती यायच्या आधीच करा.