माझंच घर धड नाही, मी त्याला काय शिकवू?

"ताई, पाळकसाहेबांनी त्या पोराला ख्रिस्ती जीवनात घडवायला माझ्या हवाली केलंय. पण माझा राग त्यांना ठाऊक नाही."

साताऱ्यातले हे गृहस्थ पन्नाशीचे, एमआयडीसीत फिटर. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नुकतंच दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालेला, पोवई नाक्याजवळ कॉट बेसिसवर राहणारा तरुण त्यांच्याकडे आला. दोन महिने दर शुक्रवारी तासभर बायबल अभ्यास चालला. पोरगा मान डोलवायचा नि निघून जायचा. इकडे यांना घोर लागलेला: आपण बायकोवर ओरडतो हे त्याला कळलं तर?

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. ज्यांना तो खरोखर पडायला हवा, ते मात्र फिरकत नाहीत.

"तो तुमच्याकडे जेवलाय कधी?" मी विचारलं.

"छे. घरात पसारा असतो."

मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशूनं बारा जण नेमले ते कशासाठी? आधी त्यांनी आपल्याबरोबर असावं म्हणून. घोषणा करायला पाठवणं त्यानंतर. हे यांना तोंडपाठ होतं, पण वेळापत्रकात 'बरोबर असणं' कुठेच नव्हतं. साताऱ्याला तरी हे नवं नसावं. १९१७ साली ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडून इथेच 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तशिष्यांची बंधुमंडळी मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिच्यात जागा होती. १९१९ मध्ये ते गेले.

मी सुचवलं, शुक्रवार अर्ध्या तासावर आणा. रविवारी उपासनेनंतर त्याला भाजी आणायला बरोबर न्या, घरी जेवू घाला. त्याचा पगार, नोकरी, लग्न यांत मात्र हुकूम सोडायचा नाही. शिष्य ख्रिस्ताचा, तुमचा नव्हे. आणि महिन्यातून एकदा पाळकांना सगळं सांगायचं.

तिसऱ्या रविवारी भात अर्धाकच्चा असताना गॅस संपला. हे पाहुण्यादेखत बायकोवर कडाडले. पोरगा लसूण सोलत होता, त्याचे हात थांबले. हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दहा मिनिटांनी आत आले नि म्हणाले, "चूक माझी. नंबर मीच लावायचा होता." बायकोनं वर न बघता सांगितलं, "मग शेजारून शेगडी आणा." दोघं जाऊन घेऊन आले.

मला सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. त्या माफीचं मोल होतंच. पण तिच्यावर एवढ्यात समाधान मानायला मी तयार नव्हते. पुढच्या भेटीला बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "माफी मागतात, खरंय. पण ओरडणं आधी होतं ना?" मग आम्ही तिघांनी रागावरच काम सुरू केलं, ते अजून चालू आहे.

परवा बाई एकट्याच आल्या. म्हणाल्या, "पोरगा घरात असला की नीट बोलतात. मी त्याला सांगितलंय, बुधवारीही येत जा."