सालेंतोला पहिल्यांदा जाताय? दोनच बंदरं पुरेत

चार दिवसांत सहा गावांची तुमची यादी वाचली. उत्साह छान आहे, पण चार गावं खोडा; ओत्रांतो आणि गाल्लिपोली ही दोन बंदरं ठेवा. इटलीच्या बुटाची ही टाच नकाशावर चिमुकली दिसते. रेल्वेगाड्या मात्र रमतगमत जातात आणि रविवारी तर फारच कमी. मुक्काम लेच्चे शहरात ठेवा. ओत्रांतोला जाताना माल्येला गाडी बदलावी लागते, तेव्हा सकाळी लवकर निघा.

ओत्रांतोत आधी कॅथेड्रल. पांतालेओने नावाच्या साधूने 1163 ते 1165 मध्ये केलेलं फरशीवरचं मोझेक (रंगीत तुकड्यांचं चित्र) बघा: दोन हत्तींच्या पाठीवर अख्खा वृक्ष उभा! इथे मान खाली घालूनच फिरायचं. बाजूच्या चॅपलमध्ये काचेमागे 1480 च्या तुर्की हल्ल्यात मारलेल्यांच्या कवट्या रचल्यात. पोरं सोबत असतील तर आधीच सांगून ठेवा.

गाल्लिपोलीचं (तुर्कस्तानातलं नव्हे) जुनं गाव पूल ओलांडून बेटावर आहे. तिथला जमिनीखालचा तेलघाणा चुकवू नका; इथलं ऑलिव्ह तेल दिव्यांसाठी पार लंडनला जायचं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- दुपारी एकला पोचतात. चर्च बंद, दुकानं बंद, चार-पाचपर्यंत उन्हात बसा. मी बसलोय.
- भाड्याची मोटार जुन्या गावात, मनाई असलेल्या भागात घालतात. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते.
- ऑगस्टमध्ये जातात. मे किंवा सप्टेंबर बघा.

टाचेच्या टोकावरचं लेउका, गुहा, होडीची फेरी वगैरे पुढच्या खेपेला. तिकिटं काढली की कळवा.