पीएस ५ घ्या, पण हप्त्यावर नको

प्रश्न: परभणीजवळ राहतो. कृषी सेवा केंद्रात नोकरी, पगार २६ हजार, घरची पाच एकर सोयाबीन. शिल्लक ३५ हजार. टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं यंत्र, पीएस ४, चांगलं चालतंय. ५५ हजारांचा पीएस ५ बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट हप्त्यावर घेऊ का? त्यात खरंच काही नवीन आहे का? घरी ३२ इंची एचडी टीव्ही आहे.

उत्तर: आधी नवीन काय ते बघू, कारण पैसे त्याचेच मोजायचेत. चित्र आणखी ठळक झालं, याला मी नवीन म्हणत नाही. २००६ साली आलेला निन्टेंडो कंपनीचा 'वी', म्हणजे हात हलवून खेळायचं गेमचं यंत्र, ताकदीत पीएस ३ च्या जवळपासही नव्हता. पण नांदेडला भाच्याकडे माझ्या आईनं, जिनं कधी बटण दाबलं नव्हतं, तो रिमोट धरला आणि पदर खोचून टेनिस खेळली. चेंडू हुकला की स्वतःवरच चिडायची. जे आधी हाताला जमत नव्हतं ते जमायला लागलं, हे खरं नवीन.

या मापानं पीएस ५ मध्ये दोन गोष्टी भरतात. एक, फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे कुठलाही भाग न फिरणारी वेगवान साठवण, त्यामुळे गेम उघडायची ताटकळ बरीच कमी होते. दुसरी, कंट्रोलरचे ट्रिगर, म्हणजे बोटानं ओढायची बटणं. धनुष्य ताणताना बोटाला ताण जाणवतो. ४के, म्हणजे एचडीपेक्षा बारीक चित्र, मात्र तुमच्या टीव्हीवर दिसणारच नाही, म्हणजे त्या भागाचे पैसे वाया.

आता हप्ता. महिना साधारण ४,६०० रुपये. 'नो-कॉस्ट' म्हटलं तरी बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते, आणि क्रेडिट कार्डावर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही लागतो. पण मला काळजी वेगळीच आहे. परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं, तर घर तुमच्याच पगारावर चालणार. तेव्हा हे ४,६०० फार जड जातील. शिल्लक ३५ हजारांना तर हातच लावू नका, दवाखान्याची एक फेरी त्यातूनच निघते.

तेवढ्याच रकमेची बँकेत एका वर्षाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, सुरू करा. एखादा महिना अडला तर थोडा दंड बसेल, पण वसुलीचा फोन येणार नाही. वर्षानं रोख घ्या, आणि डिस्क घालता येते तोच पीएस ५ घ्या. तुमच्या पीएस ४ च्या जवळपास सगळ्या डिस्क त्यात चालतील, आणि खेळून झालेली डिस्क विकताही येते. डाउनलोड केलेला गेम कुणी विकत घेत नाही.