ताप हटत नसेल तर बुरशी आठव

वॉर्डात नवीन आली आहेस, म्हणून हे आधीच सांगते. केमो चालू असलेल्या मुलाचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली आहेत आणि भारी अँटिबायोटिक देऊन ९६ तास झाले तरी ताप हटत नाही, की बुरशीचा विचार करायचाच. रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होऊ नकोस. रक्तात कॅन्डिडा ही बुरशी असूनही ते कित्येकदा काहीच दाखवत नाही. छातीचा सीटी लवकर करून घे. लहान मुलांत मोठ्यांसारख्या ठळक खुणा दिसतीलच असं नाही.

औषधांचं मात्र फार जपून. व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध मुलांच्या शरीरातून मोठ्यांपेक्षा लवकर निघून जातं, म्हणून रक्तातली पातळी पाहिल्याशिवाय डोस बरोबर आहे असं धरू नकोस. ल्युकेमियाच्या मुलाला व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध मिळत असेल, तर व्होरिकोनॅझोल त्याची विषबाधा वाढवतं: नसा दुखावतात, आतडी थंडावतात, झटकेही येऊ शकतात. असं पोट फुगलेलं एक मूल मी पाहिलंय, अजून विसरले नाही. शिवाय म्युकर या बुरशीवर व्होरिकोनॅझोल चालत नाही. नाकात काळी खपली किंवा गालावर सूज दिसली, तर म्युकर समजून लायपोसोमल अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं दुसरं औषध सुरू करायला सिनिअरना लगेच विचार आणि ईएनटी सर्जनना रात्रीच उठव.