टॉप दिसत होता, तरी खाली उतरले

प्रश्न: दादा, डिसेंबरात मी, माझा भाऊ अन त्याचे दोन मित्र उत्तराखंडात केदारकंठा शिखराच्या ट्रेकला गेलो होतो. मी रोज पळते, आपल्या सत्तरी तालुक्यातले डोंगर पालथे घातलेत. पण समिटच्या रात्री डोकं ठणकत होतं, चढताना दोनदा उलटी झाली, टॉप समोर दिसत होता तेव्हा लीडर म्हणाला बस, खाली चल. भाऊ बाकीच्यांबरोबर वर गेला. आता घरी सगळे म्हणतात, एवढा खर्च केलास, थोडा दम धरायचा होतास. डायमॉक्स, ती उंचीच्या त्रासावरची गोळी, घेतली असती तर जमलं असतं का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: ताई, घरच्यांचं सोडा, लीडरने बरोबर केलं. डोकेदुखी अन वर उलट्या म्हणजे उंची लागली, आणि ती लागल्यावर अजून वर चढायचं नसतं एवढा साधा नियम आहे. तुम्ही रोज पळता त्याचा इथे काडीचा उपयोग नाही, उलट फिट माणूस भरभर चढतो अन कधीकधी तोच आधी आडवा होतो. आपलं सोसोगड गोव्यात सगळ्यात उंच, तेही बाराशे मीटरच्या आत, आणि उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरनंतर सुरू होतो, म्हणजे कितीही डोंगर चढा, त्याची सवय इथे होतच नाही. केदारकंठा ३,८१० मीटर. तिथे हवेचा दाब पणजीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी, आणि आपण समुद्राकाठची माणसं विमानाने जाऊन पुढच्या दोन-चार दिवसांत तिथे पोचतो, शरीराने करायचं तरी काय?

दम धरला असता तर कदाचित टॉप झालाही असता. पण उतरायचं कोणी? तोल जायला लागला, बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर प्रकरण मेंदूवर नाहीतर फुप्फुसांवर गेलं असं समजायचं, मग रात्र असली तरी तडक खाली. गोरान क्रॉप नावाचा स्वीडिश गडी स्वीडनहून सायकलने एव्हरेस्टला गेला होता, मे १९९६ मध्ये जेमतेम १०० मीटर बाकी असताना उशीर झाला म्हणून मागे फिरला आणि त्याच महिन्यात परत जाऊन शिखर गाठलं! त्याला कोणी दम धर म्हणालं असेल असं वाटत नाही.

मला राग आला तो तुमच्या भावाचा. लीडर सोबत होता ते ठीक, तरी बहीण उलट्या करतेय अन हा फोटो काढायला वर. पुढच्या वेळी निघायच्या आधीच ठरवा, कोणी परतलं तर घरचं एक माणूस बरोबर उतरणार, आणि किती वाजले की असू तिथून सगळेच मागे फिरणार.

डायमॉक्स डॉक्टरला विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ती चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात, सवय लवकर व्हायला मदत होते. त्रास सुरू झाल्यावर गोळी टाकून वर जायचं हे मात्र नाही. त्यापेक्षा पायथ्याच्या सांकरी गावात एक रात्र जास्त काढा, खर्च थोडा वाढेल, वाढू दे.