"आमच्यामागं ह्याले कोन पाहील?"

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे आईबाप हा प्रश्न आज ना उद्या विचारतातच. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरानं विचारला तेव्हा उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं. "आमच्यामागं ह्याले कोन पाहील, मॅडम? बरं हाय, याची बहीन हाय," आई म्हणाली.

मुलगा सहा वर्षांचा, बहीण दहाची. ती शेजारीच बसली होती. भावाच्या शर्टाचं टोक तिनं मुठीत धरलं होतं आणि तासभर सोडलं नाही.

मुलाचं निदान जिल्हा रुग्णालयात झालेलं होतं. मी बहिणीकडे वळले. "शर्ट काहून धरला बाई?"

"तो विहिरीकडे पयते."

पाण्याची ओढ अनेक स्वमग्न मुलांना असते, धोका मात्र उमगत नाही. यांच्या शेतातल्या विहिरीला कठडा नव्हता. आईबाप कापूस वेचणीला, आजीला मोतीबिंदू. मग वेचणी सुरू झाली की थोरलीची शाळा बंद. मुलाबद्दल सारे बोलत होते, हिच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या भेटीत मीही नाही, याची मला आजही रुखरुख आहे.

आधी विहीर. बापानं आठवडाभरात लोखंडी जाळी बसवली. राखण तरी लागतेच, म्हणून काकूनं आणि आईनं एक दिवसाआड वेचणीला जायचं ठरलं. मजुरीवर बाई लावावी लागली, घराला ते जड गेलं, पण बाप मागं हटला नाही. मुलाचं नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेत घातलं, तर तो रडला की गुरुजी बहिणीला वर्गातून बोलावून घ्यायचे. ते थांबवायला मला दोनदा गावी जावं लागलं.

मग आईला सांगितलं, "बहीन हाय ना, हे पोरीसमोर पुन्हा बोलू नका."

आई रडली. "मंग कोनाच्या भरवशावर सोडू?"

तिचा प्रश्न खरा होता. नुसता धीर देऊन भागणारं नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, म्हणून आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढायला लावलं. त्यावर 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज भरला, वर्षाला 1 लाखापर्यंतच्या उपचारखर्चासाठी. मुलगा 18 चा झाला की गरजेप्रमाणे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती त्याला कायदेशीर पालक नेमू शकते. तो पालक बहीणच असावी असं नाही. मोठी झाल्यावर तिनं आपणहून हो म्हटलं तर वेगळं.

आणि रोजचं काम: अंघोळ, ताट उचलणं, तांब्याचं चित्र दाखवून पाणी मागणं. जेवढं तो स्वतः करील तेवढा पुढं पाहणाऱ्याचा भार कमी. अंगावर पाणी ओतून घ्यायला त्याला चार महिने लागले. आईनं एकदाही घाई केली नाही.

थोरलीसाठी एवढंच मागितलं, आठवड्यातून एकदा माय फक्त तिची. आता दोघीच बाजाराला जातात.

मागच्या खेपेला गेले तेव्हा भाऊ ओट्यावर काकूजवळ खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसला होता. थोरली अंगणात मैत्रिणींबरोबर बिल्लस खेळत होती. मधूनमधून मान वळवून पाहायची, पण डाव सोडून उठली नाही.